देणाऱ्या ताऱ्याचं नाव

४ जानेवारी

बारके,

तुझा पत्ता छापखान्यातल्या माणसाने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. कामाचं पत्र आहे असं मी त्याला सांगितलं, आणि ते खरंही आहे.

मला एक शब्द हवा आहे.

मी साध्या वाचकांसाठी एक पुस्तक लिहिते आहे, जोडताऱ्यांवर. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यांतला एक मेलेला असतो. मेलेला म्हणजे आतलं जळण संपून स्वतःतच कोसळलेला. आकाराने एखाद्या शहराएवढा, वजनाने सूर्याहून जड. त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. दुसरा धडधाकट असतो. दोघे पुरेसे जवळ असले की धडधाकटाच्या अंगावरचा वायू मेलेल्याकडे वाहू लागतो. सरळ पडत नाही. मोरीत पाणी उतरतं तसा गरगरत जातो आणि जाता जाता इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, हवेतून खाली येत नाहीत. आमचं यंत्र वर उपग्रहात बसून ते मोजतं. माझं आयुष्य या मोजण्यात गेलं. तू त्याला ‘ताईचं एक्स-रेचं दुकान’ म्हणायचीस.

लोकांना वाटतं की मेलेला तारा चमकतो. तो चमकत नाही. चमकतं ते त्याच्यावर पडणारं दुसऱ्याचं अंग.

या दुसऱ्याला आमच्याकडे डोनर म्हणतात. संपादकांनी मराठीत ‘दाता’ केलं आहे. मला ते खटकतं. का खटकतं ते सांगता येत नाही. शब्दांचं तुला कळतं, म्हणून लिहिलं.

आई ठीक आहे. तिची साखर अधूनमधून चढते, तोंड चालू आहे. हे पत्र लिहिल्याचं तिला सांगितलेलं नाही.

ओळी उतरत्या झाल्या आहेत. डाव्या हाताने कागद धरता येत नाही, त्यामुळे तो सरकतो.

ताई

२ फेब्रुवारी

बारके,

माझंच पत्र परत आलं. लाल शाईत तपासून.

‘धडधाकटाच्या’खाली तू रेघ मारली आहेस. ‘मेलेला’ तीनदा आल्याची खूण केली आहेस. समासात लिहिलं आहेस, ‘वाक्यं तुटक. पूर्वी अशी लिहीत नव्हतीस. आधी तुझ्या वाक्याला श्वास असायचा.’ पत्राच्या पाठीमागे चार शब्द: पुरवठादार, झिजता, ओसरता, सांडता. पहिला तूच खोडला आहेस. पुढे कंसात, ‘हा दुधाचे पैसे मागेल.’ सही नाही.

मी हसले. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने. शेजारच्या खुर्चीतले काका दचकले.

ते सांगायचं राहिलं. आठवड्यातल्या काही सकाळी मला एका ठिकाणी बसून राहावं लागतं. बसण्यापलीकडे काही करायचं नसतं. ओळीने खुर्च्या, समोर भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. शेजारी एक शिंपीकाका असतात. मी क्ष-किरणांचं काम करते हे त्यांना नर्सने सांगितलं. पुढच्या वेळी ते पिशवीतून गुडघ्याचा फोटो घेऊन आले.

“बाई, जरा बघता का? डॉक्टर म्हणतात झीज आहे. मला तर सगळं पांढरंच दिसतं.”

“काका, मी आकाशातले एक्स-रे बघते.”

“मग राहू दे,” ते म्हणाले, “वर गेल्यावर दाखवीन. तुमची तिथे ओळख असेलच.”

आता शब्दांकडे. ‘झिजता’ मला चालेल, पण झीज कशानेही होते. ‘ओसरता’ सुंदर आहे, म्हणून भीती वाटते. ‘सांडता’ वर मी थांबले. तुला माहीत नव्हतं, पण तू बरोबर ठिकाणी पोचली आहेस. प्रत्येक ताऱ्याभोवती त्याची एक हद्द असते. हद्दीच्या आतलं त्याचं. तारा वयाने फुगत जातो, हद्द काठोकाठ भरते, आणि मग जिथे दोघांच्या हद्दी टेकतात तिथून त्याचं अंग पलीकडे सांडतं. कुणी ओढत नाही, कुणी देत नाही. काठ संपलेला असतो.

पण सगळे जोडतारे असे नसतात. काही ठिकाणी खरोखरच ओढलं जातं. मग तिथे काय म्हणायचं? ‘देतो’, ‘ओढलं जातं’, ‘सांडतं’. तीन क्रियापदं झाली, आणि तिन्ही ठिकाणी कर्ता वेगळा. हे तुझ्याच शाळेतलं गणित आहे. सोडव.

ताई

२० फेब्रुवारी

बारके,

तुझं कार्ड मिळालं. उतरवून घेते, म्हणजे संपादकांना वाचून दाखवता येईल:

‘दाता अजिबात नको. ज्याला नाही म्हणायची सोय आहे, त्यालाच देता येतं. ज्याला ती सोय नाही, त्याच्याकडून जातं. त्याला दाता म्हणणं म्हणजे वर त्याच्याच गळ्यात हार घालणं. सांडता ठेव.’

वाचून दाखवलं. संपादकांनी फोनवर विचारलं,

“बाई, कोण हो या?”

“माझी धाकटी बहीण. मुद्रितं तपासते.”

“त्यांचं बरोबर असेल. पण वाचकाला दाता कळतो. सांडता तारा म्हटलं तर तो फरशी पुसायला फडकं शोधेल.”

मी भांडते आहे. बघू.

कार्डाच्या तळाशी तू बारीक अक्षरात विचारलं आहेस, ‘तुला काय झालंय?’

काही नाही. थकवा आहे. वय आहे. जिने चढताना मधे थांबावं लागतं. संस्थेत मला आता तळमजल्यावर खोली दिली आहे, खिडकीबाहेर सायकली लावतात. नवीन मुलं प्रेमाने वागतात. माझ्या टेबलावर कुणी पाण्याची बाटली आणून ठेवत नाही, कारण मी पाणी मोजून पिते हे त्यांना कळलं आहे. दिवसाचं माप ठरलेलं आहे. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरते. हे सगळं सवयीचं होतं.

तू मात्र विचारलंस. ते मी दोनदा वाचलं.

बाबांच्या खोलीत आता आई झोपते. तुझं कपाट तसंच आहे.

ताई

९ मार्च

बारके,

आईने तुला फोन केल्याचं तुझ्या पत्रावरून कळलं. नंबर तिने त्याच छापखान्यातून काढला. या घरातल्या सगळ्यांना तो छापखाना बरा सापडला आहे.

आता लपवण्यासारखं उरलं नाही. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. एक दिवसाआड सकाळी मशीनवर असते. खुर्च्या त्याच. तुला पाठवलेलं प्रत्येक पत्र तिथे लिहिलं. डाव्या हातात सुया असतात, तो हलवायचा नसतो. आईची किडनी चालत नाही, तिला साखर आहे. आणखी कुणी नाही.

तू लिहितेस, ‘सरळ मागायचंस. इतक्या वर्षांनी शब्द मागितलास, आणि तोही दाता. मी आपली तीन कोश उघडून बसले, रात्रंदिवस त्या ताऱ्याचा विचार करत होते. तुझ्या बाजूने भांडत होते. तुला मजा वाटली असेल.’

नाही वाटली. बारके, मी शब्दच मागितला होता. हे कुणाला सांगून पटणार नाही, याची कल्पना आहे. त्या खोलीत तो शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. डोनर मिळाला का, घरातला आहे का, डोनरचं वय काय. आणि तोच शब्द मी विशीपासून कामात वापरत आले. माझ्या डोक्यात दोन्ही वेगळ्या खोल्यांत राहत होते. तू म्हणशील, मधलं दार उघडं होतं. असेलही. मी मागे जाऊन पाहण्याचा प्रयत्न केला. पहिलं पत्र लिहायला घेतलं तेव्हा मनात काय होतं, ते आता मला वेगळं काढता येत नाही. मोजणीत असं झालं की आम्ही तो आकडा टाकून देतो. हेतूचं काय करतात ते मला माहीत नाही.

आईशी माझं जे झालं ते सांगते.

“फोन कशाला केलास?”

“मग काय, हातावर हात ठेवून बसू? एका पोटातून आलात दोघी. एकीचं दुसरीला चालायचं नाही तर काय बाजारातून आणायचं?”

“तिला आधी विचारायला हवं होतं.”

“विचारलंच की. म्हटलं, ताईला तुझी किडनी लागणार आहे, कधी येतेस?”

“हे विचारणं नाही, आई.”

“तू नको मला व्याकरण शिकवूस. ते शिकवायला ती आहे.”

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. भांडी घासलेलीच होती.

आईने विचारलेलं तू धरू नकोस. ते रद्द समज. मीच विचारते, म्हणजे कुणी विचारलं त्याबद्दल घोळ राहणार नाही. तुझी एक किडनी मला देशील का? तुझ्या इच्छेवर आहे. नाही म्हणालीस तरी ते उत्तर आहे, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

ताई

१९ एप्रिल

बारके,

‘रक्तगट एकच आहे. इथल्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्यात. करते आहे. यातून अर्थ काढू नकोस.’

एवढंच कार्ड. तुझ्या कार्डात लाल शाई नव्हती, हे पहिल्यांदा.

मी अर्थ काढला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. आईने तर काढून, धुऊन वाळतही घातला. तिने बाबांच्या खोलीतून आपलं अंथरूण हलवलं. उशांना ऊन दाखवलं. मी म्हटलं, तिला त्या खोलीत झोपायचं नसेल. आई म्हणाली, “का? सात वर्षं त्याच खोलीत होती की.” हो. म्हणूनच, असं मी म्हणाले नाही. ती सात वर्षं मी डोंगरावरच्या वेधशाळांत आणि परदेशातल्या संस्थांत होते. बाबांना कूस बदलायला, भरवायला तू होतीस. ते गेल्यावर माणसं भेटायला आली, तेव्हा मी कुणाला तरी म्हणाले, “आम्ही त्यांना काही कमी पडू दिलं नाही.” तू दारात उभी होतीस. “आम्ही कोण?” एवढंच विचारलंस, आणि त्या आठवड्यात गेलीस.

त्याबद्दल मला अजून काय वाटतं, ते आज लिहीत नाही. तू तपासण्या करत असताना लिहिलं तर ते लाच दिल्यासारखं होईल.

काल मशीनवर असताना मी एक मूर्खपणा केला. डोळे मिटले आणि पाणी प्यायले. नुसतं मनात. तांब्या तोंडाला लावून, मान मागे टाकून, गळ्याखाली ओघळ येईपर्यंत. नर्स म्हणाली, “हसताय काय बाई?” तिला सांगितलं नाही. मग पुढेही गेले. शरदात दुसरा उपग्रह वर जाणार आहे. त्याच्या पहिल्या मोजण्यांना मी असेन, असा हिशेब मनात मांडला. सहा वर्षं झोपलेला एक तारा आहे, तो या वर्षी पुन्हा पेटेल असं मला वाटतं. पलीकडून येणारा वायू भोवतीच्या चकतीत साठत राहतो, आणि एका दिवशी सगळी चकती आत कोसळते. तेव्हा तो आकाशातला सगळ्यात झगझगीत होतो. मला ते बघायचं आहे. इतकंच हवं आहे, असं म्हणणार होते. पण माणसाला कधी इतकंच हवं नसतं.

शिंपीकाकांच्या खुर्चीत गेल्या आठवड्यापासून एक तरुण बाई बसते. चादर नवीन आहे. मी विचारलं नाही. मला कुणी सांगितलं नाही.

पुस्तक छापून झालं. संपादकांनी ‘दाता’ ठेवला. त्यांनी फोन करून क्षमा मागितली. शेवटच्या दिवशी वितरकांनी आग्रह धरला, म्हणाले. तुझी प्रत वेगळी पाठवते. लाल शाई जपून वापर, प्रत्येक पानावर आहे.

ताई

२८ मे

बारके,

तुझं पत्र मिळालं. जिन्यातच उघडलं. पहिल्या मजल्यावरच्या दिव्याखाली उभी राहून वाचलं.

‘सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणींचंही इतकं क्वचित जुळतं. आधीच नाही म्हणता आलं असतं. पण जुळलंच नसतं, तर ते “नाही” माझं झालं नसतं, रक्ताचं झालं असतं. म्हणून थांबले. बाबांच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. ताई, तू विचारलंस. म्हणून सांगते. नाही.’

राग आला का, हे तू विचारलेलं नाहीस. आला. तुझाच आला. दुसऱ्या कुणावर ढकलावा असं कुणी नव्हतं. जिन्याचा कठडा धरून मी मनातल्या मनात तुला फार वाईट बोलले. जुळवायचं कशाला, जुळलं ते मला कळवायचं कशाला, असं बरंच. मग वर आले, आईचा चहा ठेवला, तिच्याजवळ बसले. ती शेजारणीच्या सुनेबद्दल सांगत होती. मी हं हं म्हणत होते. संध्याकाळपर्यंत राग निघून गेला. त्याच्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. बरं वाटणं नव्हे. पण कितीतरी वर्षांनी तू माझ्याशी एक शब्द सरळ बोललीस, आणि मी तो पुरता ऐकला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, “असं होतं. घरच्यांना आम्ही कारण सांगत नाही. कागदावर ‘योग्य नाही’ एवढंच लिहितो.” माझं नाव यादीत आहे. अनोळखी माणसाची मिळेल, किंवा मिळणार नाही. यादी लांब आहे. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. आईकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आईला काय सांगायचं, हे मी मशीनवर बसून ठरवलं. खरं सांगितलं असतं तर तिने तुला उरलेल्या आयुष्यात दारात उभं केलं नसतं. तिच्याकडे दोनच मुली आहेत. एक कदाचित जाईल. दुसरीही मी घालवू कशी?

ती भाजी निवडत होती. मी समोर बसले.

“रिपोर्ट आला.”

“मग?”

“जुळलं नाही.”

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. “असं कसं? रक्तगट एकच आहे ना?”

“पुढचं जुळावं लागतं. ते नाही जुळलं.”

“एकाच पोटातल्या असून?”

“होतं असं.”

मी वाट पाहत होते की आता ती रडेल, किंवा देवाला बोल लावेल. ती म्हणाली, “बिचारी. एवढ्या सगळ्या सुया टोचून घेतल्या पोरीने. तिला किती लागलं असेल ग मनाला.” आणि पदराला हात पुसत उठली. “मी तिला फोन करते.”

मी तिला थांबवलं. म्हटलं, रविवारी कर, मधल्या वारी तिला कामावर फोन घेता येत नाही. तोवर हे पत्र पोचेल. तुझं पत्र मी ठेवलेलं नाही. आईला वाचता येतं.

मला भेटायला येऊ नकोस, असं म्हणत नाही. ये, असंही म्हणत नाही. आलीस तर त्या खोलीत झोपावं लागणार नाही. माझ्या खोलीत जागा आहे, आईचं मी बघेन.

रविवारी ती रडेल. तुझीच समजूत घालेल, देव तुझं भलं करो म्हणेल. तुला ते सोसायचं नाही, तू सगळं बोलून मोकळी होशील, याची मला भीती आहे. होऊ नकोस. ‘जुळलं नाही ग आई’, इतकंच म्हण. तुला खोटं बोलता येत नाही, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मी शोधून हेच शब्द तिला सांगितले. तेवढं म्हणताना रक्ताचा विचार करू नकोस. आपल्या दोघींचा कर. मग ते खोटं होणार नाही.

ताई